ब्लेडला धार नसती

मला त्या दगड कापायच्या ब्लेडचं भ्या वाटतं. आज बी वाटतं, हे आधीच सांगून टाकते, नायतर वाचनारा म्हनंल ही लई धीट बाई दिसती. तसं काय नाय. मोटर चालू झाली का हाताला घाम सुटतो, आन दम असा लागतो जसा काय मी घाट चढून आलीया. पन मला त्या ब्लेडवरनं उठवायला निघाले व्हते तवा मी उठले नाय. त्याचं सांगायचंय.

माझं माहेर तळेघरच्या अंगाला. भात न नाचनी. शाळंला चालत जायाचं, सातवीत सुटली ती सुटलीच. लगीन होऊन जुन्नरकडं आले, पोरीचे पप्पा भाजीचा टेम्पो चालवत्यात, घरी सासू हाय, तिला मी आत्याबाई म्हनते, आन पोरगी दीड वर्षाची. गावाबाहेर एक पत्र्याची शेड हाय, तिथं गारगोट्या कापत्यात, मी तिथं कामाला लागले.

गारगोटी म्हंजे काय, तर आमच्याकडं विहीर खांदली नायतर रस्त्यासाठी डोंगर फोडला का काळ्या दगडाच्या पोटातनं निघती. वरनं बटाट्यावानी मातकट, पायानं लाथाडावी अशी. आतनं बघावं तर दुधासारखी, निळसर, रेघारेघांची. एखादी पोकळ निघती, तिच्यात काचंवानी खडे चिकटलेले असत्यात. मढ गावाकडनं येती, घाटघरकडनं येती. तिच्या पातळ चकत्या कापायच्या आन पॉलिश करायच्या. शहरातली लोकं त्याच्यावर चहाचा कप ठेवत्यात म्हनं. डोंगराच्या पोटातलं एवढं देखनं आन त्याच्यावर कप! पन आपल्याला काय, आपल्याला काम मिळालं.

मी आधी धुन्यावर व्हते. म्हंजे तारंच्या ब्रशनं गारगोट्या घासून माती काढायची. कापायला एक मिस्तरी व्हता, पन्नाशीचा, ओतूरकडचा, बोलायला गोड पन खवचट. पैल्याच दिवशी त्यानं मला मशीनपाशी बोलावलं. ब्लेड म्हंजे ताटाएवढी पातळ गोल चकती, अशी गरगर फिरत व्हती का दिसतच नव्हती, खाली तिला पान्याचा डबा, पानी उडत व्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, हसला, आन बोट सरळ त्या फिरत्या ब्लेडच्या काठाला टेकवलं.

मी किंचाळले. डोळे मिटून घेतले. उघडले तर हा बोट हालवून दाखवतोय.

"बघा वहिनी, रगात नाय काय नाय. दगड कापती, मानूस कापत नाय."

म्या म्हनलं, "भाऊ, परत माझ्यापुढं असं करू नका. मला घरी लेकरू हाय."

"लेकरू घरी हाय ना, बोट तर माझं हाय," असं म्हनला आन हसला. कुनी करू नये हा खेळ, मी कधी केला नाय. पन ते डोक्यात अडकून राहिलं. दगड कापती आन बोट कापत नाय, हे कसलं हत्यार?

मंग झालं असं, का मिस्तरीच्या कांद्याची लागवड आली, तो घरी राहिला, आन शेडच्या मालकाला, शेठला, चकत्यांची घाई. शेठ म्हनला, तू बघतीस ना रोज, लहान दगड तू लाव. आठ दिस म्हनून बसले ती बसलेच. मिस्तरी आला तवा त्याला पॉलिशवर घेतलं, ते काम त्याच्यासारखं कुनाला जमत नव्हतं. पन कापायचं मशीन बाईच्या हातात गेलं हे काय त्याला रुचलं नाय. येता जाता चालूच. "काय वहिनी, आज भाकरी थापल्या का चकत्या?" मी म्हनायचे, "दोनी, भाऊ. तुमी कुठली खानार?"

भ्या वाटायचं, पन आवडायचं पन. दगड शिकंज्यात घट्ट आवळायचा, हळूहळू ब्लेडकडं सरकवायचा, आन चकती सुटून हातात आली का आतलं चित्र पैल्यांदा बघनारी मी. डोंगरानं कुनाला दाखवलं नाय ते मला. घरी मला कोन काय पैल्यांदा दाखवतंय?

मंग मी चूक केली.

दोनअडीच म्हयन्यांनी ब्लेड चालंना. दगड पुढं जाईना, नुसती किंकाळी. मला वाटलं धार गेली. आता आमच्याकडं हत्यार चालंना का काय करत्यात? धार लावत्यात. मी सात वर्षाची असल्यापासनं बापाच्या विळ्याला धार लावलीया, आमच्या वाडीत माझ्या हातची धार नावाजलेली. म्या मशीन बंद केलं, वायर काढली, ब्लेड खोललं, कोपऱ्यातली कानस घेतली आन दोनी बाजूनं घासून घासून काठ असा चकचकीत केला, असा निमुळता, का म्हनलं आता लोन्यासारखं जाईल. मिस्तरी तिकडनं बघत व्हता. त्यानं सगळं बघितलं. "लावा, लावा धार," म्हनला, "चांगली लावा."

लावलं. ब्लेड दगडात अर्धं गेलं, वाकडं व्हायला लागलं, अडकलं, आन धाडकन आवाज. दगडाचे दोन तुकडे, एक पत्र्यावर जाऊन आदळला. मी कशी मागं पडले मलाच ठाव नाय. कानात नुसतं कुईऽऽ.

शेठ पळत आला. आधी विचारलं, लागलं का. ते त्याचं मी ध्यानात ठेवलंय, आधी ते विचारलं. मंग ब्लेड हातात घेतलं आन डोकं धरून बसला.

"अगं, हिरा घासून काढलास तू!"

"हिरा? कुठं हाय हिरा?"

तवा मला कळलं. ब्लेडच्या काठाला धातूची एक बारीक पट्टी असती, त्यात हिऱ्याची पूड मिसळलेली असती, रव्यासारखी. ते कन दगड खात्यात. ब्लेडला धार नसतीच. म्हनून मिस्तरीचं बोट कापलं नाय. आन मी ती पट्टीच कानशीनं घासून जमिनीवर पाडली.

शेठ म्हनला, "उद्यापासनं धुन्यावर. मशीन मिस्तरी बघंल."

मला रडू आलतं, पन त्याच्याआधी राग आला. म्या म्हनलं, "मला आधी का नाय सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? सगळ्यांना ठाव असतं."

"मला नव्हतं ठाव. चूक माझी हाय, मी नाय म्हनत नाय. पन मला आता ठाव झालंय, मी परत करनार नाय. आन हे भाऊ बघत व्हते उभे राहून, त्यांनी का नाय थांबवलं?"

मिस्तरी म्हनला, "वहिनीला कोन थांबवनार, माहेरचा हात हाय म्हनं धारंचा."

शेठनं आमच्यातलं काय ऐकूनच घेतलं नाय. मढकडनं एक मोठा दगड आलता, नारळाएवढा, हलवला का आतनं पोकळ वाटायचा. त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्याहून गिऱ्हाईक यायचं व्हतं, त्याला डोळ्यादेखत कापून पायजे व्हता. शेठ म्हनला, तो मिस्तरी कापंल, तू नीट धुवून ठेव, आन मशीनचा इषय संपला.

संपला कसा? मी घरी आले ती धुमसतच आले. परत त्या थंड पान्यात हात घालून बसायचं आन दुसऱ्यानं कापलेल्या चकत्या लांबनं बघायच्या, हे मला नको व्हतं. पोरीला मांडीवर घेतलं, आत्याबाई पाट्यावर चटनी वाटत व्हत्या, आन वरवंटा नुसता घसरत व्हता. लसून हिकडं पळतोय, मिरची तिकडं.

आत्याबाई वैतागल्या. "मेला काच झालाय पाटा. औंदा टाकीवाली फिरकलीच नाय."

टाकीवाली म्हंजे दारोदार फिरनारी बाई, छन्नी-हातोडी घेऊन येती, घासून गुळगुळीत झालेल्या पाट्याला, जात्याला बारीक बारीक टिचके मारती, का तो परत खरबरीत व्हतो आन वाटन वाटलं जातं. पाट्याला कुनी धार लावत नाय. टाकी लावत्यात.

मी पोरीला खाली ठेवलं आन पाट्यावरनं नख फिरवलं. गुळगुळीत. वाटनाचं पानी सगळ्या हाताला लागलं.

"काय गं?" आत्याबाई म्हनल्या. "आता पाट्याला का चिमटे काढतीस?"

"आत्याबाई, पाटा झिजतो म्हंजे दगड कमी झाला म्हनून वाटत नाय का?"

"दगड कुठं कमी व्हतोय? माझ्या सासूच्या आधीचा पाटा हाय. खडबड मरती त्याची. वर घासून बसतं सगळं. टाकी बसली का परत तोच पाटा."

सकाळी मी शेडवर लवकर गेले. मिस्तरीनं टाकून दिलेलं एक जुनं ब्लेड भिताडाला टेकवलेलं व्हतं, गुजरातेतल्या खंबातहून आलेलं, पातळ, 'मेलंय ते' म्हनून त्यानं बाजूला केलेलं. म्या त्याच्या काठावरनं नख फिरवलं. काच. आमच्या पाट्यावानी काच. बोटाला एक कन लागंना. तवा माझ्या डोक्यात पेटलं. हिरा संपला नाय, तो आत हाय. गारगोटी इतकी टनक न गुळगुळीत का ती धातूला झिजवतच नाय, नुसती घासून चकाकी आनती, आन कन धातूखाली झाकून जात्यात; धातू जरा झिजला का ते वर येनार. म्हंजे याला टाकी पायजे.

पन छन्नी मारता येत नाय याला. मंग काय? खरबरीत, मऊ काय तरी कापायला द्यायचं, जे धातूला थोडं खाईल. मागं भिताडाला इटा रचलेल्या व्हत्या. म्या एक एक इट वाजवून बघितली. ज्या खनखन वाजत्यात त्या पक्क्या भाजलेल्या, त्या नको. एक कच्चट भाजलेली मिळाली, हात फिरवला का तळव्याला वाळू लागायची. ती पान्यात भिजत टाकली आन गप धुन्यावर बसले.

गिऱ्हाईक आलं. जाडसर मानूस, गळ्यात गॉगल अडकवलेला, त्याला खुर्ची दिली, चहा दिला. मिस्तरीनं नवं ब्लेड काढलं, हार्डवेअरच्या दुकानातनं आनलेलं, फरशी कापायचं, जाड. "कडक दगडाला कडक ब्लेड," म्हनला. शेठनं मान हलवली.

मी जागेवरनं म्हनलं, "भाऊ, कडक दगडाला मऊ धातूचं लागतं. कडक धातू झिजत नाय, हिरा वर येत नाय."

"वहिनी, तुमी धुवा."

त्यानं दगड लावला. बोटाच्या पेरभर गेला आन मंग किंकाळी सुरू. पान्यातनं बी वाफ निघायला लागली. त्यानं अजून जोर लावला, अंगानं दाबायला लागला. ब्लेड थरथरतंय, मला दिसतंय, मला माझा तो धाडकन आवाज कानात ऐकू यायला लागला. मी उठले. सरळ जाऊन बटन बंद केलं.

ब्लेड फिरत फिरत थांबलं.

"दाबू नका," म्या म्हनलं. "फुटंल. माझ्या हातनं एक फुटलाय, मला ठाव हाय फुटायच्या आधी कसं व्हतं ते."

मिस्तरी शेठकडं वळला. "शेठ, आता बाया बटनं बंद करायला लागल्या."

शेठ गिऱ्हाइकाकडं बघून कसंनुसं हसला आन मला हळू आवाजात म्हनला, "काय चाललंय तुझं? बाहेर व्हय."

"व्हते. पन आधी दहा मिन्टं द्या. ते मेलेलं ब्लेड लावते. नाय चाललं तर धुन्यावरनं पन जाते, परत येत नाय."

हे तोंडातनं निघालं आन माझं मलाच भ्या वाटलं. घरी काय सांगनार व्हते मी? पन निघालं ते निघालं. शेठ काय बोलायच्या आत गिऱ्हाईक म्हनलं, "लावू द्या हो, मला काय घाई नाय."

मी वायर काढून जाड ब्लेड खोललं, पातळ लावलं. त्याच्यावर बान काढलेला असतो, आधी ज्या बाजूनं फिरलंय त्याच बाजूनं लावलं. मंग बादलीतनं इट काढली.

गिऱ्हाइकानं चहाचा कप खाली ठेवला. "बाई, दगड कापायचाय का घर बांधायचंय?"

मिस्तरी असा हसला का त्याला खोकला आला.

मी इट शिकंज्यात आवळली आन मोटर चालू केली. इट कापली. एकदा. दोनदा. डब्यातलं पानी लाल झालं, माझ्या साडीवर लाल शितोडे. तिसऱ्यांदा कापली तवा आवाज बदलला, इट आपोआप आत गेली. बंद केलं, वायर काढली, ब्लेड थांबू दिलं, मंग काठाला नख लावलं. खरबरीत. बारीक रव्यावानी. "टाकी बसली," असं आपसूक तोंडातनं निघालं, आन शेठ म्हनला, "काय बसलं?" म्या म्हनलं, "नंतर सांगते."

लाल पानी फेकून चांगलं पानी भरलं. मढचा दगड जुन्या खाचंपासनं थोडा बाजूला आवळला, दोनदा आवळला. मोटर चालू केली. दाबला नाय. नुसता टेकवला आन जेवढं ब्लेड खाईल तेवढंच पुढं दिलं. किंकाळी नाय. बारीक सर्रऽऽ असा आवाज, चुलीवर दूध वर यायच्या आधी येतो ना तसा. दम माझाच मला ऐकू येत व्हता, इतका लागलेला. मान वर केली नाय. लई वेळ गेला, गिऱ्हाइकाचा दुसरा चहा झाला, आन मिस्तरी कधी माझ्या बाजूला येऊन उभा राहिला ते मला कळलं नाय. शेवटचं बोटभर राहिलं तवा मी अजून हळू केलं, कारन तिथंच घाई केली का तुकडा मोडून पडतो. मिस्तरीनं मला न विचारता खालनं दगडाला हात दिला.

सुटला. दोन अर्धी. आत पोकळ, आन त्या पोकळीत भरून खडे, पान्यावानी पांढरे, मधेच दोन हिरवट, लांबट. कापलेला काठ असा सरळ का कुठं टवका नाय.

गिऱ्हाईक खुर्चीवरनं उठून आलं. "वा! कोनी कापला हो?"

आन शेठ म्हनला, ऐका आता, शेठ म्हनला, "आमचा मिस्तरी जुना मानूस हाय."

माझ्या अंगाला पानी, साडीला लाल डाग, हात दगडाखाली. म्या म्हनलं, "मी कापलाय."

म्या परत म्हनलं, जरा मोठ्यानं, "हा दगड मी कापलाय. तुमी इथंच बसला व्हता ना, चहा पीत?"

गिऱ्हाईक खाली बघायला लागलं. मिस्तरीनं कानामागं खाजवलं आन म्हनला, "वहिनीनंच कापलाय शेठ. इटंसकट."

शेठनं दोनी अर्धी उलटीपालटी करून बघितली. मंग म्हनला, "बरं, मंग ऱ्हा मशीनवर."

मला वाटलं मी आनंदानं गप बसंन. पन तोंड उघडलेलं व्हतं ते मिटंना. म्या म्हनलं, "अशी नाय राहनार. कुठल्या दगडाला कुठलं ब्लेड ते मी निवडीन. फरशीचं ब्लेड गारगोटीला लागनार नाय. पानी नसताना मशीन चालू व्हनार नाय, कुनाच्याच हातानं, घाई असली तरी नाय, ती धूळ छातीत जाती आन माझ्या पदरावरनं घरी पोरीपतुर जाती. सांजच्याला ब्लेड पान्यात बुडवून ठेवायचं नाय, पुसायचं आन खिळ्याला टांगायचं, भिताडाला टेकवलं का वाकतं. कानस तर मी कोपऱ्यात ठेवूच देनार नाय. आन मी शिकले ते जो नवीन येईल त्याला पैल्या दिवशी सांगनार, तो चूक करायची वाट बघत उभी राहनार नाय."

मिस्तरी पॉलिशच्या चाकाकडं निघून गेला.

शेठ म्हनला, "एवढं सगळं तू करनार, मंग मी काय करू?"

खाली डब्यात गाळ साचून पानी दुधासारखं झालतं. मी दुसरा दगड शिकंज्यात धरत म्हनलं, "तुमी पानी बदला."

गिऱ्हाईक हसलं. शेठनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बादलीकडं. मंग बाह्या वर केल्या आन बादली उचलली.